मोटर घुमते पण पाणी उचलत नाही, भरून आणली तरी परत जळते: दोष केबलच्या रोधात आहे का, हे कसं तपासायचं

गणपती गेले, पंचगंगेचं पाणी पात्रात उतरलं, की कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या आमच्या शेडसमोर मोटरी यायला लागतात. कुणी टेम्पोतून आणतं, कुणी ट्रॉलीतून, कुणी मोटरसायकलवर मागे बसलेल्याच्या मांडीवर. मोटर भरून, म्हणजे जळलेलं वाइंडिंग काढून नवं घालून, दिली की मी टर्मिनल बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं तारीख लिहितो. झाकण उघडलं आणि आत माझंच अक्षर दिसलं, तेही सहा महिन्यांपूर्वीचं, की पोटात कालवतं. शेतकऱ्याचे पैसे गेले, उसाची पाळी चुकली, आणि मोटरीत तसा काहीच दोष नव्हता. तिला मारलं ते मीटरच्या पेटीपासून नदीपर्यंत गेलेल्या तारेनं.

हा दोष मी इतक्या वेळा काढलाय की आता तो क्रमानं लिहून ठेवतो. आधी फुकटच्या तपासण्या, मग थोड्या खर्चाच्या, शेवटी वायरमनच्या. हिशोबासाठी ५ एचपीची थ्री फेज मोटर धरली आहे. तुमची मोटर लहानमोठी असेल तर आकडे बदलतील, पद्धत हीच राहील.

लक्षणं कोणती

बटण दाबलं की मोटर घूं घूं करत बसते आणि वेग घ्यायला वेळ लावते. वेग घेतला तरी पाइपाच्या तोंडाशी पाण्याची धार लुळी पडते. स्टार्टरचा ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) दहा-पंधरा मिनिटांनी ट्रिप होतो, थोडं थांबून चालू केलं की परत चालतो. मोटर चालू होताना पंपाच्या खोलीतला बल्ब एकदम मंद होतो. संध्याकाळी चालत नाही, रात्री दोनला मात्र व्यवस्थित चालते. कुठंतरी टेपचा जळका वास येतो, फ्यूजची चिनीमाती पिवळी पडते. आणि सगळ्यात मोठं लक्षण म्हणजे मोटर एकदा भरून आणली तरी वर्षाच्या आत परत जळते.

जळलेली मोटर उघडल्यावर आम्हाला अजून एक खूण दिसते, ती तुम्हीही मागून बघा. भरणाऱ्याला म्हणा, "कॉइल काढायच्या आधी मला दाखवा." स्टार जोडणीच्या मोटरीत दोन फेजच्या कॉइली काळ्या आणि एका फेजच्या कोऱ्या असतील, किंवा डेल्टा जोडणीत एक काळी आणि दोन कोऱ्या असतील, तर एक फेज वाटेत तुटली होती. तिन्ही फेज सारख्या करपल्या असतील तर मोटरीला व्होल्टेज कमी मिळत होतं किंवा पंप जाम होता. पंप हातानं मोकळा फिरत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

तार मोटरीला कशी मारते

तांबं असो की ॲल्युमिनियम, कुठलीही तार विजेला थोडा अडथळा करतेच. शाळेत त्याला वाहकाचा रोध म्हणायचे. तो चार गोष्टींवर ठरतो: तार किती लांब, किती जाड, कशाची, आणि किती तापलेली. लांबी दुप्पट केली की रोध दुप्पट होतो. आडवा छेद दुप्पट केला की रोध निम्मा होतो. इथंच बरेच जण चुकतात. तारेचा व्यास दुप्पट झाला तर छेद चौपट होतो, म्हणून रोध पावपट होतो. "दोन एमएमची तार" आणि "दोन स्क्वेअर एमएमची तार" या दोन वेगळ्या तारा आहेत. २ मिमी व्यासाच्या तारेचा छेद ३.१४ स्क्वेअर एमएम भरतो.

धातूचं म्हणाल तर तेवढ्याच लांबी-जाडीच्या ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो आणि लोखंडाचा जवळजवळ सहापट. अडीनडीला जोडलेला जीआय तारेचा तुकडा म्हणूनच इतका महागात पडतो.

आता या रोधातून करंट गेला की वाटेत व्होल्टेज पडतं. मोटरीच्या ओढीचा, म्हणजे फिरवायच्या जोराचा, हिशोब मात्र व्होल्टेजच्या वर्गानं चालतो. ४१५ च्या जागी ३४० व्होल्ट पोचले, तर ओढ दोन तृतीयांशच उरते. पंपावरचा पाण्याचा भार काही कमी होत नाही. मग मोटर तेवढं काम करण्यासाठी जास्त करंट खेचते, त्या करंटनं तारेत आणखी व्होल्टेज पडतं आणि वाइंडिंग तापत जातं. तापलेल्या तांब्याचा रोधही वाढतो. वाइंडिंगच्या तारेवरचा एनॅमलचा, म्हणजे इन्सुलेशनचा, थर एका जागी सुटला की संपलं.

पहिली तपासणी, फुकटची: पॅनलवरचा काटा दोनदा वाचा

बहुतेक स्टार्टर पॅनलवर व्होल्टमीटर आणि अँपिअरमीटर असतो. मोटर बंद असताना व्होल्ट वाचा. मग चालू करा, पाणी पडू द्या आणि परत वाचा. दोन्ही आकडे वेळेसकट कागदावर लिहा. सकाळी, संध्याकाळी आणि रात्री, असं तीन दिवस करा.

बंद मोटरीवरचं व्होल्टेज फसवं असतं. करंटच जात नसेल तर रोधात काही पडत नाही, म्हणून अर्धी कुजलेली तारसुद्धा पूर्ण ४१५ दाखवते. "व्होल्टेज बरोबर आहे, मी बघितलंय" असं सांगणाऱ्या दहा जणांतल्या नऊ जणांनी ते मोटर बंद असताना बघितलेलं असतं. आकडा चालू मोटरीवरचाच खरा.

चालू केल्यावर पॅनलवरचा आकडाच ४१० वरून ३६० वर आला, तर दोष पॅनलच्या अलीकडे आहे: सर्व्हिस वायर, फ्यूज, मीटरची टर्मिनलं किंवा डीपीच (ट्रान्सफॉर्मर). पॅनलवर ४०० टिकतात आणि तरी मोटर घुमते, तर दोष पॅनलपासून नदीपर्यंतच्या तुमच्या केबलमध्ये आहे. या एका फरकानं अर्धं काम होतं, खिशातला रुपयाही न घालवता.

फक्त ठरावीक वेळेलाच आकडा पडत असेल, तर एका डीपीवरच्या सगळ्या मोटरी एकदम चालू होतायत का बघा. शेतीची थ्री फेज लाइट ठरलेल्या वेळीच येते, आणि प्रत्येकानं "ऑटो" बसवलेला असतो. लाइट आली की वीस मोटरी एकाच क्षणी स्टार्ट घेतात. स्टार्ट घेताना मोटर नेहमीच्या सहापटीपर्यंत करंट ओढते. डीपीवरच्या शेतकऱ्यांनी बसून ठरवलं आणि ऑटोमध्ये दोन-दोन मिनिटांचा फरक ठेवला, तर यातला बराच त्रास जातो. शिये, वडणगे भागात मी हे करून बघितलंय. लोक ऐकतात, फक्त कुणीतरी पुढाकार घ्यावा लागतो.

एक विनंती. ओव्हरलोड ट्रिप होतोय म्हणून त्याची चकती फिरवून आकडा वाढवू नका. ५ एचपीला साडेसात अँपिअरच्या आसपास करंट असतो. ती चकती दहा-बारावर नेलेले रिले मी किती पाहिलेत त्याचा हिशोब नाही. रिले तुमच्या मोटरीचा जीव वाचवत असतो.

दुसरी, तीही फुकटची: केबलच्या वाटेनं चालत जा

पॅनलपासून पंपापर्यंत पूर्ण चालत जा आणि पावलं मोजा. केबलची लांबी बहुतेकांना माहीतच नसते. "असंल की शंभर-दीडशे मीटर," म्हणतात, आणि मोजल्यावर तीनशे निघते. पाइपलाइन वळसा घालून गेली असेल तर केबलही तसाच वळसा घेते.

चालताना दोन गोष्टी बघा. उरलेली केबल कुठं वेटोळं करून टाकली आहे का? पाणी कमी झालं की पंप खाली सरकवायला लागतो, म्हणून लोक चाळीस-पन्नास मीटर जादा केबल ठेवतात आणि ती उन्हात गुंडाळून ठेवतात. पसरलेल्या केबलला वारा लागतो, माती उष्णता ओढून घेते. वेटोळ्यात आतल्या फेऱ्यांची उष्णता बाहेरच पडत नाही. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. २० अंशांवर मोजलेली तार ७० अंशांपर्यंत तापली तर रोध २० टक्के जास्त होतो. साध्या पीव्हीसी इन्सुलेशनची मर्यादाही ७० अंशच असते. तेव्हा वेटोळं सोडा आणि केबल सावलीत लांब पसरून ठेवा. दरवर्षी पंप खाली न्यायचा नसेल, तर जादा तुकडा कापूनच टाका.

उष्णतेनं रोध वाढतो हे पटत नसेल तर घरातला जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब मल्टिमीटरवर मोजा. थंड असताना तो चाळीस ओहमच्या आसपास दाखवतो. हिशोबानं २३० व्होल्टवर पेटलेल्या बल्बचा रोध ५२९ ओहम यायला हवा, आणि तो खरोखर तेवढा होतो. तार तीच असते, फक्त तापलेली. केबलमध्ये एवढा फरक पडत नाही, पण दिशा तीच.

दुसरी गोष्ट, जॉइंट मोजा. हा मुद्दा मोठा आहे.

जॉइंट

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं की नदीकाठच्या गावांत मोटरी वर काढायची धांदल उडते. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट कुणी बघत नाही. रात्री बॅटरीच्या उजेडात, पावसात, केबल सोडवायला वेळ नसतो, म्हणून ती कापतात. कापणंच बरोबर आहे, माणसाचा जीव आधी. पण पाणी उतरल्यावर तीच केबल पीळ देऊन, वर टेप गुंडाळून जोडली जाते. पुढच्या वर्षी परत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर तर केबलीचे तुकडे जे मिळाले ते जोडून लोकांनी उसाला पाणी दिलं. त्यांना दोष देता येत नाही. पण ते जॉइंट अजून तसेच आहेत, आणि मोटरी त्यांनी जळतायत.

प्रयाग चिखलीकडचे एक आण्णा दोन वर्षांत तिसऱ्यांदा मोटर घेऊन आले. "आवाज करतीया, पण पाणी फेकंना झालीया," म्हणाले. मी म्हटलं, मोटर राहू दे, आधी रान दाखवा. तीनशे मीटर केबल, अडीच स्क्वेअर एमएमची, आणि वाटेत नऊ जॉइंट. मेन बंद करून, तिन्ही फ्यूज काढून खिशात टाकले आणि तिसरा जॉइंट उघडला. काळ्या टेपच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब होते. अलीकडे तांब्याची केबल, तिच्या तारा हिरव्या पडलेल्या. पलीकडे कुठल्या तरी जुन्या केबलचा ॲल्युमिनियमचा तुकडा, आणि दोन्हींच्या मध्ये चुन्यासारखी पांढरी भुकटी. पीळ दोनच वेढ्यांचा. सोलताना ब्लेडनं निम्म्या तारा तुटलेल्या. बोटानं ओढलं तर एक कोअर, म्हणजे केबलमधल्या तीन तारांपैकी एक, हातात आली. ५ एचपीचा सगळा करंट उरलेल्या दोन-तीन तारांच्या टोकांवरून चालला होता.

हे का होतं ते समजून घ्या. ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर लगेच ऑक्साइडचा पातळ थर चढतो, आणि तो थर वीज वाहून नेत नाही. तांबं आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजायला लागतं. शिवाय तापल्यावर ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा जास्त फुगतं. रोज मोटर चालू-बंद होते, जॉइंट तापतो-निवतो, आणि पीळ हळूहळू सैल होतो. सैल झाला की रोध वाढतो, रोध वाढला की जास्त तापतो, जास्त तापला की अजून सैल होतो.

आता एक हिशोब, कारण यात मोठी गफलत होते. खराब जॉइंटचा रोध ०.४ ओहम धरा आणि करंट ८ अँपिअर. व्होल्टेज पडतं फक्त ३.२ व्होल्ट. काहीच नाही, असं वाटतं. पण उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध, जवळपास २५ वॅट. टेपच्या आत बोटभर जागेत एक सोल्डरिंग आयर्न दिवसभर चालू ठेवल्यासारखं आहे ते. याउलट बारीक केबल घ्या. ५ एचपीला तीनशे मीटर अडीच स्क्वेअर टाकली तर तिन्ही कोअर मिळून ४०० वॅट वाटेत जातात, आठ तासांत तीन युनिटांहून जास्त. पण ती उष्णता तीनशे मीटरवर पसरते, मीटरमागं सव्वा-दीड वॅट. हाताला काही जाणवत नाही. म्हणून "केबल गार आहे, म्हणजे केबल चांगली आहे" हे साफ चूक. गार केबल व्होल्टेज खाऊ शकते, आणि थोडंच व्होल्टेज खाणारा जॉइंट आग लावू शकतो.

तपासायचं असं: मोटर अर्धा तास चालवा. मग स्टार्टर बंद, मेन स्विच बंद, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात. ऑटो असेल तर लाइट कधीही येऊन मोटर सुरू होऊ शकते, म्हणून फ्यूज खिशातच हवेत, पेटीवर ठेवलेले चालणार नाहीत. तिन्ही फेजवर टेस्टर लावून खात्री करा. मग हाताची मागची बाजू टेपला लावा. शेजारच्या केबलपेक्षा जॉइंट गरम लागला, टेप कडक झालेली किंवा चकाकणारी दिसली, तर तो जॉइंट काढायचा. पाण्यात किंवा ओल्या वाळूत पडलेल्या जॉइंटला हात लावायचाच नाही. मी पाया पडून सांगतो, नदीकाठी अनवाणी पायानं केबल चाचपू नका. थ्री फेजचा झटका दुसरी संधी देत नाही.

असाच गरमपणा पेटीतही शोधा. किटकॅट फ्यूजची पितळी टोकं काळी पडलीत का, स्टार्टरच्या स्क्रूखालची तार सैल आहे का, कॉन्टॅक्टवर खड्डे पडलेत का. काळी टोकं घासून ठीक होतातच असं नाही. स्प्रिंगचा जोर गेला असेल तर फ्यूजची वाटीच बदला. घरातल्या गिझरचा प्लग एका बाजूनं वितळतो, तिथंही हेच कारण असतं.

थोड्या खर्चाची तपासणी: केबल खरंच तेवढी जाड आहे का

केबलवर छापलेला आकडा वाचा, पण त्यावरच विसंबू नका. हलक्या मालात तांबं कमी असतं, आणि तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही बाजारात मिळते. एक तार ब्लेडनं खरवडा. आतून पांढरी निघाली तर मुलामा आहे.

माझी आवडती तपासणी वजनाची. एक मीटर तुकडा कापा, एका कोअरवरचं इन्सुलेशन पूर्ण काढा आणि उघडं तांबं गुजरीतल्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवा. शुद्ध तांब्याचं वजन एका स्क्वेअर एमएमला, एक मीटर लांबीला, जवळजवळ ९ ग्रॅम. म्हणजे अडीच स्क्वेअरची एक मीटर कोअर २१-२२ ग्रॅम भरायला हवी. पंधरा भरली तर तुम्ही अडीचचे पैसे देऊन पावणेदोनची केबल आणली आहे. जुने लोक अजून "सात-वीस", "तीन-वीस" म्हणतात: वीस गेजच्या सात तारा किंवा तीन तारा. वीस गेजची तार ०.९१४ मिमी व्यासाची, म्हणजे सात-वीस जेमतेम साडेचार स्क्वेअर होते आणि तीन-वीस दोनलाही थोडी कमी. तीन-वीस ही "अडीचच आहे" म्हणून कुणी दिली तर घेऊ नका.

मग हिशोब करा. कोअरचा रोध दर किलोमीटरला, तांब्यासाठी, २० अंशांवर: अडीच स्क्वेअरला जास्तीत जास्त ७.९८ ओहम, चार स्क्वेअरला ४.९५, सहाला ३.३०. ॲल्युमिनियमच्या चारला ७.४१ आणि सहाला ४.६१. तुमच्या लांबीचा रोध काढा आणि ५ एचपीसाठी त्याला ११ नं गुणा. हा ११ म्हणजे थ्री फेजचा १.७३, साडेसात अँपिअर आणि ०.८५ पॉवर फॅक्टर यांचा गुणाकार. आलेलं उत्तर म्हणजे वाटेत पडणारे व्होल्ट.

तीनशे मीटर तांब्याला अडीचमध्ये २६ व्होल्ट पडतात, चारमध्ये १६, सहामध्ये ११. मी ३ टक्के, म्हणजे १२ व्होल्टच्या आत ठेवायला सांगतो. म्हणजे तीनशे मीटरला सहाच हवी. एप्रिलच्या उन्हात केबल ६० अंशांवर गेली की यात अजून १६ टक्के धरा. स्टार्ट घेताना करंट वाढतो, त्यामुळे पडझड याहून बरीच जास्त होते. पॉवर फॅक्टर त्या वेळी कमी असतो म्हणून ती सरळ सहापट होत नाही, एवढंच.

पाइपलाइन टाकताना आपल्याकडचा शेतकरी चार इंची की पाच इंची यावर आठवडाभर चर्चा करतो. केबल मात्र दुकानात उभ्या उभ्या घेतो. निम्मा विचार केबलचा झाला तरी माझ्याकडच्या फेऱ्या कमी होतील, आणि त्या कमी व्हाव्यात असं मला मनापासून वाटतं.

कपॅसिटरबद्दल लोक विचारतात. ५ एचपीला २ केव्हीएआरचा कपॅसिटर बसवला की लाइनचा करंट कमी होतो आणि व्होल्टेज थोडं सुधारतं. पण तो पॅनलजवळ लावला तर फायदा पॅनलच्या अलीकडच्या लाइनला होतो. पॅनल ते नदी या तारेतला करंट आहे तेवढाच राहतो. बारीक केबलवर तो उपाय नाही.

जॉइंट नीट कसा करायचा

शक्य तर करूच नका. एकसंध केबल टाका आणि पुरासाठी काठाच्या वर, पाणी न पोचणाऱ्या जागी एक जंक्शन बॉक्स ठेवा. मोटर काढताना तिथून स्क्रू सोडायचे, केबल कापायची नाही. हा एक बॉक्स दरवर्षीचे दोन जॉइंट वाचवतो.

करायचाच असेल तर तांबं तांब्यालाच जोडा. तारा न तुटता सोला, तांबं चकाकेपर्यंत घासा, मापाची थिंबल (धातूची नळी) घालून क्रिम्पिंग टूलनं दाबा. पक्कडीनं चेपलेली थिंबल सैलच राहते. तीन कोअरचे जॉइंट एकाच जागी आणू नका, चार-चार बोटं मागेपुढे ठेवा. ॲल्युमिनियमला तांबं जोडणं अटळ असेल तर बायमेटॅलिक लग (एका बाजूला तांबं, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम असलेला) वापरा, तोही कोरड्या बॉक्समध्ये. वरून ओलावा आत जाणार नाही असं हीट श्रिंक चढवा. पाण्याखाली जाणारा जॉइंट मात्र वायरमनकडूनच, किटनं.

कुठं थांबायचं

इथून पुढं तुमचं काम नाही, परवानाधारक वायरमनला बोलवा. चालू मोटरीवर पंपाच्या टर्मिनलपाशी व्होल्टेज मोजणं हे त्याचं काम. ते मोजमाप करायलाच हवं, कारण मल्टिमीटरच्या ओहमच्या खुणेवर एक ओहमच्या खालचा रोध धड कळत नाही. त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्यात मिसळतो. चालू करंटवर दोन टोकांचा फरक काढला की खरं चित्र दिसतं. आण्णांच्या केबलवर हिशोबानं २६ व्होल्ट पडायला हवे होते, आणि मोजल्यावर फरक आला ४७. वरचे २१ व्होल्ट त्या नऊ जॉइंटमध्ये जात होते. आठ जॉइंट काढले, एक नीट केला, फरक २९ वर आला. हिशोब आणि मोजमाप जुळलं की समजायचं आता फक्त तार बारीक आहे. ती त्यांनी पुढच्या हंगामात सहाची टाकली. मोजमाप हिशोबापेक्षा बरंच जास्त असेल तर नवी केबल घेण्याआधी जॉइंट बघा.

वायरमनला लगेच बोलवायचं ते कधी, तर पंपाला किंवा पाइपाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर, मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) इन्सुलेशन १ मेगाओहमच्या खाली आलं तर, तिन्ही फेजचा करंट एकमेकांपासून लांब असेल तर. फेज-फेजमधला व्होल्टेजचा थोडा फरकही करंटमध्ये कितीतरी पट मोठा होऊन दिसतो, आणि असं चालत राहिलं तर मोटर त्याच हंगामात माझ्याकडे येते. पहिल्या प्रसंगात तर मेन बंद करून, कुणाला जवळ जाऊ न देता थांबायचं.

मीटरच्या अलीकडचं काहीही, म्हणजे मीटरची टर्मिनलं, खांबावरची जोडणी, डीपीचे फ्यूज, याला तुम्ही किंवा तुमच्या वायरमननंही हात लावायचा नाही. मोटर चालू केल्यावर पॅनलवरचाच आकडा पडतो असं तीन दिवसांच्या नोंदीत आलं असेल, तर तो कागद घेऊन महावितरणच्या १९१२ वर तक्रार नोंदवा आणि लाइनमनला कागद दाखवा. नुसतं "व्होल्टेज येत नाही" म्हटलं तर तो दुपारी येतो, मोटर बंद असताना मोजतो, ४१५ दाखवतो आणि जातो. "संध्याकाळी सात वाजता, बंद असताना ४०५, चालू केल्यावर ३५५" असं लिहिलेलं असलं की त्याला त्याच वेळी, चालू मोटरीवर येऊन बघावं लागतं.

आणि भरलेली मोटर घरी नेण्याआधी हे सगळं करा. मोटर माझ्या शेडमध्ये आठवडाभर राहिली तरी चालेल, तिला भाडं नाही. तेवढ्यात केबल बघून या.